खिडकीशी कुणी आलं की

माझ्या खोलीच्या खिडकीचं शटर वेड्यासारखं वागायला लागलं, तेव्हा मी पहिला संशय सुनेवर घेतला. दुसऱ्या कुणावर घेणार? घरात माणसं तीन. एक मी, गिरिजाबाई. दुसरा माझा मुलगा हर्ष, तो सकाळी कडकोळच्या फॅक्टरीत जातो तो दिवे लागल्यावर येतो. तिसरी अमूल्या, माझी सून. बँकेत नोकरीला आहे. कानडी घरातली, हुशार, नीटनेटकी, आणि माझ्या मशीनखाली पडलेल्या चिंध्यांकडे अशी बघते, जणू मांजरानं उंदीर आणून टाकलाय.

घर हर्षनं बांधलं. म्हैसूरबाहेर हिनकलच्या पुढं नवीन लेआउट झालंय, बंगल्यांची वसाहत, तिथं. त्याचे वडील अंबाजीराव गेले, मार्केटमागचं आमचं शिलाईचं दुकान बंद झालं आणि मी इथं आले. घर स्मार्ट आहे, असं तो येईल त्याला सांगतो. म्हणजे दिवा लावायचा तर आधी मोबाइल शोधायचा. प्रत्येक खिडकीला बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटर, शटरला मोटर, मोटरला भिंतीतल्या डबीत बसवलेला कंट्रोलर आणि कंट्रोलरला हुकूम सोडायला मोबाइल. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी भिंतीवर एक स्विचही ठेवलाय. वर दाबला की शटर वर, खाली दाबला की खाली. एवढं मला येतं.

आम्ही नामदेव शिंपी. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते आता सांगणारं कुणी उरलं नाही. भाषा अर्धी कानडी झाली, पण मशीन मांडायची रीत बदलली नाही. आमच्यात मशीन खिडकीशी असतं आणि गिऱ्हाईक खिडकीबाहेर. दार पाहुण्यांचं, खिडकी गिऱ्हाइकांची. कितीही ओळखीचं माणूस असो, कपडा घेऊन आलं की त्यानं खिडकीशी उभं राहायचं, चौकटीवरून कपडा आत द्यायचा, आणि माप घ्यायचं तर आम्ही आतून हात बाहेर काढून टेप लावायची. माझ्या सासऱ्यांनी असंच केलं, नवऱ्यानं असंच केलं. मग मी इथं आल्यावर मशीन कुठं मांडणार? स्वयंपाकघरात? हर्ष म्हणाला, "अम्मा, कोपऱ्यात ठेव. आता कशाला शिवायचं तू, आराम कर." मी ऐकून घेतलं आणि भाग्याला, म्हणजे आमच्याकडं धुणंभांडी करते तिला, हाताशी घेऊन मशीन खिडकीशी ओढलं. नव्या जागी पहिला टाका विठ्ठलाच्या अंगरख्याचा घालायचा असतो, तो घातला. मग खिडकी उघडून बसले.

आधी भाग्याच आली, झंपरची शिवण उसवली म्हणून. तिनं वेदवतीला सांगितलं. वेदवती वॉचमनची बायको, गेटजवळच्या खोलीत राहते. वेदवतीनं सांगितलं पलीकडं बंगले बांधतायत तिथल्या बायकांना. त्या यादगीरकडच्या, सिमेंटनं हात फुटलेले, साडीला जागोजागी भोकं. मग काय, रोज दुपारच्या आधी खिडकीशी दोघीतिघी उभ्याच. कुणाची पोराची चड्डी, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची चेन, कुणाला बाळंतपणानंतर ब्लाऊज सैल करून हवा. पैसे मी मागत नव्हते. कुणी देई, कुणी शेंगा आणून ठेवी, कुणी नुसती गप्पा मारून जाई. मला त्या गप्पाच हव्या होत्या. खोटं कशाला बोलू, नवरा गेल्यावर मला माणसात ठेवलं ते त्या खिडकीनं. घरातली दोघं आपापल्या कामाला गेली की या मोठ्या घरात फ्रिजच तेवढा आवाज करतो.

आणि मग शटर बिघडलं. सकाळी वर केलेलं शटर कामाला हात घातला की घरघर करत खाली यायचं. मी स्विच दाबला की निम्म्यापर्यंत वर जायचं, थांबायचं, थोडा विचार केल्यासारखं करायचं आणि परत खाली. दुपारी एकटी बसले की मात्र शहाण्या पोरासारखं वर. भाग्या म्हणाली, "देव्वा इदे अम्मा." भूत आहे म्हणे. मी म्हटलं, भुताला एवढी अक्कल असती तर ते हॉलमधल्या मोठ्या खिडकीवर बसलं असतं, तिथून गार वारं तरी येतं.

हर्षला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ते कॅलिब्रेशन प्रॉब्लेम आहे अम्मा. मोटरला कळत नाही शटर कुठंपर्यंत आलंय ते. सुम्ने उगीच हात लावू नकोस. मी कंपनीला सांगितलोय, येतील."

"केव्हा येतील?"

"येतील ग. घाई काय आहे?"

घाई त्याला नव्हती. कंपनीचं कुणी आलं नाही, आणि एक दिवस व्हायचं ते झालं. वेदवती आली तशी घाईघाईनं तिच्या ब्लाऊजच्या बाहीचं माप घ्यायला लागले. तिचा हात चौकटीवर, माझी टेप तिच्या दंडाभोवती. शटर आलं. मी ओरडले, तिनं हात ओढला, तरी पट्टीची कडा तिच्या बोटांवर बसलीच. "अय्यो!" म्हणून ती मागं सरकली. टेप निम्मी आत, निम्मी बाहेर, मधोमध शटरखाली दाबलेली. मी आतून ओढतेय, ती बाहेरून विचारतेय, "अम्मा, तुम्ही ठीक ना?" बोटं तिची सुजली आणि विचारपूस माझी. मला इतकी लाज वाटली की भिंतीतली ती डबी उपटून रस्त्यावर फेकावीशी वाटली.

संध्याकाळी हर्षला म्हणाले, "अरे, बाईचे हात चेचले असते." मला वाटलं तो दचकेल. तो उलट चिडून म्हणाला, "तिला कुणी सांगितलं खिडकीत हात घालायला?" असं बोलणारा हा मुलगा नाही. पण माझं सगळं लक्ष अमूल्याकडं होतं. ती ताट वाढत होती आणि तिनं डोळे वर केले नाहीत. झालं, मी मनाशी पक्कं केलं. हिलाच नको आहे माझं मशीन. हीच बँकेत बसून मोबाइलवरून चाळे करतेय.

दुसऱ्या दिवशी हर्ष गेल्यावर मी तिला गाठलंच. "अमूल्या, तुला चिंध्यांचा त्रास होतो तर तसं बोल. शटर कशाला पाडतेस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "नानु माडिल्ला अत्ते," ती म्हणाली, मी नाही केलं. मग तिच्या मोडक्या मराठीत, "देवाशपथ. माझ्या फोनमध्ये तुमच्या खोलीचं शटर येतच नाही. हर्ष देत नाही." आणि डोळ्यांत पाणी. मला काही पाझर फुटला नाही. सासू आहे मी, सुनेच्या डोळ्यांतलं पाणी लगेच खरं मानायची आम्हाला सवय नसते.

पण पोरगी जिद्दीची. कंट्रोलरच्या डबीवर कंपनीचा नंबर चिकटवलेला होता, तिनं बँकेत जाता जाता स्वतः फोन केला आणि माणूस मागवला. आपली बाजू खरी करायला दुसरं तिच्याकडं होतं काय?

आलेला माणूस निघाला मिरजेकडचा. दिगंबर नाव. बेळगोळकडं त्यांचं गोडाऊन आहे, तिथून मोटारसायकलवर शिडी बांधून आला. मी भाग्याला मराठीत काहीतरी बोलले आणि अर्ध्यात कानडीवर गेले, ते ऐकून तो खूश. "काकू, तुम्ही मराठी? तुमची मराठी वेगळीच आहे हो. गोड वाटते." गोड म्हणजे चुकीची, हे मला कळतं. पण इतक्या दिवसांनी कुणी काकू म्हटलं, तेव्हा सोडून दिलं.

"तक्रार देऊन किती दिवस झाले, आज उगवलात," मी म्हटलं.

"नाही काकू. या घराची तक्रारच नव्हती आमच्याकडं. मॅडमचा फोन आला तो पहिलाच."

कंपनीवाली माणसं अशीच बोलतात, असं मला वाटलं. तो कामाला लागला. डबीचं झाकण काढलं, मोबाइल जोडला आणि मला समजावून सांगू लागला. शटरला एकदा पूर्ण वर पाठवायचं, मग पूर्ण खाली, मग परत वर. तेवढ्यात कंट्रोलर मोजून घेतो, या खिडकीला वरून खाली यायला किती वेळ लागतो. तेच कॅलिब्रेशन. मध्ये कुठं अडखळलं की मोजणी फसते, मग शटर निम्म्यावर असताना त्याला वाटतं आपण पोचलो.

"म्हणजे माप घ्यायचं," मी म्हटलं.

"हां, माप घ्यायचं."

"मग आधी बसवायला आला होता त्यानं माप चुकीचं घेतलं असणार."

तो हसला. शटर वर गेलं, खाली आलं, वर गेलं. कुठं अडखळलं नाही. त्यानं चहा घेतला, मला चारदा स्विच दाबून दाखवायला लावला आणि गेला. त्याची मोटारसायकल गेटबाहेर पडली असेल नसेल, वेदवती बोटाला चिंधी बांधून आली, तिचा अर्धवट ब्लाऊज बघायला. शटर खाली.

मी त्याला त्याच्या नंबरवर फोन लावून नको नको ते बोलले. बिचारा दुसऱ्या दिवशी परत आला, पण या वेळी त्याचा चेहरा आंबलेला होता. माझ्याच हातून काहीतरी होतंय असा त्याला संशय. "काकू, स्विच दोन्ही बाजूंनी एकदम दाबत नाही ना तुम्ही?" मी म्हटलं, आयुष्यभर पायानं मशीन चालवत हातानं कापड सरकवलंय, एक स्विच दाबताना चुकेन होय?

मग त्यानं एकेक गोष्ट तपासायला घेतली. मोटरच्या डोक्याशी शटरची वरची आणि खालची हद्द ठरवणारे स्क्रू असतात, ते बघितले. ठीक होते. शिडी लावून बाजूच्या पट्ट्यांची खाच बघितली, तिथं कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. "हेच असणार," म्हणून त्यानं ते खरवडून काढलं, आणि तो शिडीवर असतानाच शटर त्याच्या नाकासमोरून खाली गेलं. मग वायरी. वर जायची आणि खाली यायची वायर उलट जोडली गेली असेल म्हणून उघडून बघितल्या. बरोबर होत्या. मग मीटर लावून करंट बघितला. तोही बरोबर. आत येऊन परत कॅलिब्रेशन केलं, तर शटर असं गुळगुळीत चाललं की मला त्याचा राग आला.

"काकू, आत सगळं ठीक आहे," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "मी बाहेरून एकदा बघतो. तुम्ही कशाला हात लावू नका."

तो फिरून खिडकीसमोर आला. शटर घरघरलं आणि खाली निघालं.

"काकू, दाबला का स्विच?" बाहेरून आवाज.

"माझे हात मांडीवर आहेत रे बाबा."

तो आत आला, शटर वर केलं. आम्ही थांबलो. काही झालं नाही. परत बाहेर गेला. शटर खाली. मग त्यानं भाग्याला पाठवलं. भाग्या देवाचं नाव घेत खिडकीशी जाऊन उभी राहिली. शटर खाली. ती ओरडत पळाली. शटर परत वर केल्यावर शेजारच्या डॉक्टरांचं मांजर चौकटीवर येऊन बसलं, चांगलं अंग चाटत बसलं, त्याला शटरनं काही केलं नाही. मांजराचं चालतं, माणसाचं नाही, असं हे शटर.

दिगंबर बाहेरच, पण खिडकीपासून बाजूला थांबला होता. जमिनीवर पडलेल्या छताच्या सावलीकडं बघत होता, मग त्यानं मान वर केली. छताच्या पुढं आलेल्या भागाखाली हर्षनं कॅमेरा बसवलाय. चोर येतात म्हणून. तो कॅमेरा गेटकडं बघतो असं मला सांगितलेलं होतं. दिगंबरनं शिडी सरकवली, वर चढून कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे ते बघितलं आणि खाली उतरला.

आत आला तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता. "काकू, शटर बिघडलेलं नाही. या कॅमेऱ्याला तुमच्या खिडकीशी माणूस दिसला की शटर बंद व्हावं, असं कुणीतरी लावून ठेवलंय. ते मला इथून काढता येत नाही. मालकाच्या मोबाइलवरून होतं ते. साहेबांना फोन लावतो, चुकून झालं असेल त्यांच्याकडून."

चुकून झालं असेल, असं मलाही वाटलं. खरंच वाटलं. फार वेळ नाही, फोन वाजून उचलेपर्यंतच.

डबीच्या झाकणाचे स्क्रू बसवायचे म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून चौकटीवर ठेवला होता. हर्षचा आवाज माझ्या मशीनशेजारी आला. दिगंबरनं कंपनीचं नाव सांगून काय सापडलं ते सांगितलं.

"हां, ते मीच केलोय," हर्ष म्हणाला. "तुम्ही ते काढू नका."

दिगंबरचा हात स्क्रूवर थांबला. "पण सर, काकू रोज त्रास..."

"त्यांना सांगा मोटर गेली म्हणून. पार्ट बाहेरच्या देशातून यायचंय, वेळ लागेल म्हणून सांगा. तुम्ही आपले मराठी, म्हणून बोलतो. स्वल्प समजून घ्या. या लेआउटमध्ये सगळे डॉक्टर, प्रोफेसर लोक आहेत. आमच्या वडिलांचा कापडाचा व्यापार होता म्हणून मी सगळ्यांना सांगितलोय. आणि अम्मा तिथं खिडकीत बसून कामवाल्या बायकांचं फाटकं शिवती. रोज कुणी ना कुणी मला विचारतंय, तुमच्या घरात टेलर ठेवलाय काय म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"अम्माला तोंडावर सांगू शकत नाही ना मी," हर्ष पुढं म्हणाला. "तिला वाईट वाटेल."

तिला वाईट वाटेल! तीन महिने मी त्या शटरशी भांडले, सुनेला घालूनपाडून बोलले, वेदवतीची बोटं चेचली, आणि हा तिकडं कडकोळला बसून माझी काळजी घेत होता. रागावून समोर येऊन म्हणाला असता की अम्मा, मला लाज वाटते तुझी, तर मीही चार शब्द सुनावले असते, दोघं दोन दिवस बोललो नसतो आणि काहीतरी मार्ग निघाला असता. त्यानं माझ्यावर एक यंत्र सोडलं. रस्त्यावरच्या माणसाला बघून ते आपोआप माझ्या तोंडावर पडायचं, त्याला बोट हलवायचीही गरज नव्हती.

आणि लाज कसली? कापडाचा व्यापार. अंबाजीराव ज्या दिवशी अंथरुणाला खिळले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत पँटी शिवत होते. म्हैसुरातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट त्यांच्या हातचे. मेल्या माणसाच्या हातातली कात्री काढून घेतली यानं, आणि मोजायचा गज दिला.

दिगंबरनं फोन बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, मी हा कंट्रोलर काढून साधा स्विच जोडून देतो. दोन वायरींचं काम आहे. मग मोबाइलचा काही संबंध राहणार नाही. साहेबांना मी बघतो काय सांगायचं ते."

माणूस चांगला होता. पण मी नको म्हटलं. "ज्यानं लावलंय त्याला काढू दे."

"ते काढतील?"

मी वेदवतीचा अर्धवट ब्लाऊज घडी घालून ठेवला. त्याला चहा द्यायचाही राहून गेला.

अमूल्या बँकेतून आली तेव्हा मी देवापुढं दिवा लावत होते. ती चप्पल काढत असतानाच मी म्हटलं, "तू केलं नव्हतंस. मी तुला उगीच बोलले."

ती तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात. "मत्ते यारु?" मग कोण? घरात माणसं तीनच आहेत, आणि ती बँकेत हिशेबाचंच काम करते. ती खाली बसली, दुसरी चप्पल काढली आणि स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा नळ बराच वेळ नुसता वाहत होता.

हर्ष आला तो आनंदात. हातात कपड्यांच्या दुकानाची पिशवी. हातपाय धुऊन थेट माझ्या खोलीत. शटर खाली होतं, मी ट्यूबलाइटखाली बसले होते.

"अम्मा, तो माणूस येऊन गेला काय? मला फोन आला होता. मोटरच गेली म्हणे ग."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. लहानपणी खोटं बोलताना हा नाक चोळायचा. आज नाक चोळलं नाही. "खरंच गेली?" मी विचारलं. मनात म्हटलं, बोल रे बाबा, अजून वेळ आहे.

"हां ना. जर्मनीहून पार्ट यायला पाहिजे. दोन-तीन महिने तरी लागतील. तोवर तू आराम कर, आयतु?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला, त्यात काही खोटं नव्हतं. तेच जास्त लागलं मला.

मग त्यानं पिशवीतून पँट काढली. नवी, निळी, तळव्याखाली जाईल एवढी लांब. "उद्या लेआउटचं फंक्शन आहे. मला सेक्रेटरी करतायत. ही स्वल्प आखूड करून दे ना अम्मा. सकाळी घालायची आहे."

"कुणी आखूड करायची?"

"तू, अजून कोण?"

"मला कुठं येतं रे शिवायला?" मी म्हटलं. "आपला तर कापडाचा व्यापार ना, अल्लवा?"

पँट त्याच्या हातात लोंबत राहिली. दारात अमूल्या येऊन उभी होती, हर्षनं तिच्याकडं बघितलं, ती बाजूला बघू लागली. त्याचे कान लाल झाले. मी त्याला वाढवलंय, मला माहीत होतं आता तो काय करेल. भांडणार नाही, माफीही मागणार नाही. काहीतरी गंमत करून वेळ मारून नेईल. वडीलही असेच होते, पण ते खोटं बोलत नव्हते.

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि अंगठा फिरवला. मोटर गेलेलं शटर सरळ वर गेलं, पूर्ण वर, कुठंही न अडखळता. संध्याकाळचं वारं आत आलं. तो ओशाळून हसला, मोबाइल माझ्या मशीनच्या फळीवर ठेवला आणि पँट घेऊन बाहेर पळाला. लहान असताना दुकानात हेच करायचा. चुकलं की मागच्या दारानं निसटायचा, फिरून खिडकीशी यायचा, टाचा उंच करून आत बघायचा आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात काहीतरी मागायचा. मग वडील हसायचे आणि मार चुकायचा.

तो अंगणातून फिरून खिडकीसमोर आला. चाळिशीचा माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले. पँट चौकटीवर टाकली आणि म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय अम्मा. शिवून देणार काय?"

मला हसू आलं. खरंच आलं. हात पँटकडं गेलाही असता.

शटर घरघरलं. हर्षनं वर बघितलं. आधी त्याचे केस दिसेनासे झाले, मग कपाळ, मग ते ओशाळलेलं हसू. "अय्यो, माझा मोबाइल आत आहे," त्याचा आवाज आला. शटर त्याच्या गळ्याशी आलं, छातीशी आलं. त्यानं घाईनं पँट ओढली, पण तिचा एक पाय आतच राहिला आणि पट्टी त्यावर बसली.

"अम्मा," तो बाहेरून म्हणाला, "स्विच दाब ना."

स्विच माझ्या हाताशी होता. फळीवर त्याचा मोबाइल उजळला, त्यावर कॅमेऱ्यातलं माझ्या खिडकीचं चित्र आलं. एक माणूस शटरसमोर उभा, हातात फाटल्यासारखी ताणलेली पँट. वरून बघितल्यावर तो कुणाचा कोण ते ओळखू येत नव्हतं.

"अम्मा, ऐकू येतंय काय?"

अमूल्या माझ्याकडं बघत होती. मी मशीनवर झाकण घातलं, दिवा मालवला आणि तिला म्हटलं, "चल, आपण जेवून घेऊ."